युद्धवार्ता आणि आप्तवचन : पत्रकारांविषयीच्या अनुबोधपटांतील प्रमाणविचार

युद्धाच्या काळी रणभूमीपासून दूर असलेल्या मनुष्यास युद्धाचे जे ज्ञान होते, ते जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते. गावात लागलेली आग त्याला धुरावरून कळेल, नदीला आलेला पूर तो घाटावर जाऊन पाहील. परंतु हजारो कोसांवरील एखाद्या शहरात काल रात्री काय घडले, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. हा सांगणारा म्हणजे वार्ताहर. तो सांगतो आणि वाचक किंवा प्रेक्षक ऐकतो. पण सांगणारा त्या वेळी कोठे होता, त्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, त्याला काय सांगू दिले गेले नाही, ह्या गोष्टी वृत्तातून बहुधा उमगत नाहीत.

युद्धविषयक अनुबोधपटांची एक शाखा ह्याच प्रश्नाभोवती वाढली आहे. युद्धाचे वृत्त देणारी माणसे व संस्था हा तिचा विषय. युद्ध हे त्या विषयाचे निमित्त. ह्या शाखेचा विचार सामान्यतः चित्रपटकलेच्या किंवा वृत्तपत्रविद्येच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो भाषाविचाराच्या अंगाने करावयाचा आहे. वृत्ताचे वाक्य ज्ञानाचा उगम झाकून ठेवते, आणि पत्रकारांविषयीचा चांगला अनुबोधपट तो उगम पुन्हा उघडा करून दाखवितो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. ह्या कार्याला असलेल्या मर्यादाही तितक्याच लक्षात घ्यावयास हव्यात.

१. वृत्त हे शब्दप्रमाण

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ह्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोणास म्हणावे, ह्याचे विवेचन वात्स्यायनाने आपल्या भाष्यात केले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. येथे दोन अटी आहेत : एक जाणण्याची व दुसरी सांगण्याच्या हेतूची. एकीच्या पूर्ततेने दुसरी आपोआप पुरी होत नाही. पाहिलेला मनुष्य खोटे सांगू शकतो, आणि प्रामाणिक मनुष्य न पाहिलेले सांगू शकतो. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही भाष्यकार सांगतो. सांगणारा कोणत्या पक्षाचा आहे, एवढ्यावरून त्याचे आप्तत्व सिद्धही होत नाही आणि नाहीसेही होत नाही. युद्धवार्तेच्या संदर्भात हा मुद्दा विशेष मोलाचा आहे. कारण युद्धात प्रत्येक बाजूला समोरच्याचा वार्ताहर म्लेच्छच वाटतो.

ज्ञानाचा उगम सांगण्याची सोय कित्येक भाषांनी आपल्या व्याकरणातच करून ठेवली आहे. रोमान याकोबसन ह्याने १९५७ साली रशियन क्रियापदावरील आपल्या प्रबंधात ह्या व्याकरणिक कोटीचा स्वतंत्र निर्देश केला. तिला मराठीत ‘प्रमाणदर्शक’ कोटी म्हणावयास हरकत नाही. कोलंबिया व ब्राझील ह्यांच्या सीमेवरील वाउपेस नदीच्या खोऱ्यात बोलल्या जाणाऱ्या तुयुका भाषेत घडून गेलेल्या गोष्टीविषयी विधान करताना बोलणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिली, अन्य इंद्रियांनी जाणली, खुणांवरून ताडली, दुसऱ्याकडून ऐकली की सर्वसाधारण माहितीवरून गृहीत धरली, हे क्रियापदाच्या प्रत्ययानेच सांगावे लागते. तुर्कीतही पाहिलेला भूतकाळ आणि ऐकलेला किंवा ताडलेला भूतकाळ ह्यांचे प्रत्यय निराळे आहेत.

मराठीत असा सक्तीचा प्रत्यय नाही. तथापि साधने आहेत. ‘पूल पडला’, ‘पूल पडला असावा’ आणि ‘पूल पडला म्हणे’ ह्या तीन वाक्यांतील घटना एकच आहे. पहिल्यात विधानाची सर्व जबाबदारी बोलणारा घेतो, दुसऱ्यात तो अनुमान करतो, आणि तिसऱ्यात ती जबाबदारी अनामिक अशा कोणा दुसऱ्यावर टाकतो. ‘म्हणे’ ह्या शब्दात अविश्वासाची छटाही मिसळलेली असते. वृत्तपत्री मराठीत ‘म्हणे’ला स्थान नाही. तेथे ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘असे सूत्रांनी सांगितले’ हे प्रयोग रूढ झाले. समजणारा कोण, कळविणारा कोण, हे त्यांत अध्याहृतच राहते. ऐकीव असल्याची कबुली तेवढी उरते. कोणाकडून ऐकले, हे मात्र गळते.

२. घटना आणि कर्ता

उगमाप्रमाणेच वृत्तवाक्यातून आणखी एक गोष्ट सहज गळते. ती म्हणजे कर्ता. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, जळणे–जाळणे, तुटणे–तोडणे अशा धातूंच्या जोड्या आहेत. ‘इमारत पडली’ ह्या वाक्यात कोणी पाडली हा प्रश्नच उपस्थित होत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्ण आहे. ‘इमारत पाडली’ म्हणताच ऐकणाऱ्याचे मन कर्ता शोधू लागते. ‘गोळीबारात दहा माणसे मेली’ आणि ‘दहा माणसे मारली’ ह्यांतील भेद केवळ शैलीचा नाही. पहिल्या वाक्यात मृत्यू हा ऋतुमानासारखा घडतो.

युद्धकालीन अधिकृत भाषा ह्या पहिल्या प्रकारच्या वाक्यांवर पोसते. नागरिकांच्या मृत्यूला ‘आनुषंगिक हानी’ म्हणण्याची अमेरिकी सैनिकी परिभाषा प्रसिद्धच आहे. वार्ताहर बहुधा ही भाषा लबाडीने स्वीकारत नाही. ती त्याला तयार मिळते, वेळ थोडा असतो, आणि पडताळून पाहण्याची सोय नसते. म्हणूनच वृत्ताच्या वाक्यामागील परिस्थिती पाहिल्याशिवाय त्या वाक्याचे मोल ठरविता येत नाही. ती परिस्थिती दाखविणे हेच पुढील अनुबोधपटांचे कार्य आहे.

३. लंडन, १९४० : आप्ताचा उसना आवाज

ह्या प्रकाराच्या आरंभाकडे वळताच एक सावधगिरीचे उदाहरण भेटते. १९४० च्या शरद ऋतूत जर्मन विमाने लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब टाकत होती. त्या वेळी ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने ‘लंडन कॅन टेक इट’ हा सुमारे नऊ मिनिटांचा अनुबोधपट तयार केला. हम्फ्री जेनिंग्ज व हॅरी वॉट हे त्याचे दिग्दर्शक. निवेदन क्वेंटिन रेनल्ड्स ह्या अमेरिकी वार्ताहराचे होते. ‘कॉलियर्स’ ह्या नियतकालिकासाठी तो लंडनमध्ये राहिला होता. आपण तटस्थ देशाचे वार्ताहर असून जे पाहिले तेच सांगत आहोत, अशी ग्वाही तो निवेदनात देतो.

अमेरिका त्या वेळी युद्धात उतरली नव्हती, आणि हा पट मुख्यतः अमेरिकी प्रेक्षकांसाठी होता. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याचे नाव अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीत झळकू दिले नव्हते. ब्रिटिश प्रेक्षकांसाठी ‘ब्रिटन कॅन टेक इट’ ह्या नावाने निराळी आवृत्ती निघाली.

आप्तलक्षणाची पहिली अट येथे पुरी होते. रेनल्ड्स खरोखरच लंडनमध्ये होता आणि बाँबही खरोखरच पडत होते. परंतु सांगण्याचा हेतू कोणाचा, हे पटातून कळत नाही. वार्ताहराच्या आवाजाने सरकारच्या हेतूला प्रत्यक्षदर्शनाचे वस्त्र चढविले. पटातील एकही दृश्य खोटे नसताना सांगणाऱ्याविषयी प्रेक्षकाची समजूत मात्र अपुरी राहिली. युद्धाचा निकाल लक्षात घेता त्या प्रचाराविषयी आज कोणी फारशी तक्रार करणार नाही; तरीही प्रमाणविचारात हेतूचा चांगलेपणा हा उगमाच्या उघडेपणाची जागा घेऊ शकत नाही. पत्रकार पडद्यावर आला म्हणजे पत्रकारितेची परीक्षा झाली, असे होत नाही, हा ह्या उदाहरणाचा धडा होय.

निवेदकाच्या आवाजाचा हा प्रश्न भारतीय प्रेक्षकालाही अपरिचित नाही. मुंबईत १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांत व अनुबोधपटांत एकाच चित्रफितीवर मराठीसह अनेक भाषांतील निवेदने बसविली जात. चित्र एका जागेचे आणि आवाज दुसऱ्या जागेचा असे. निवेदक त्या स्थळी गेला होता की नाही, हे निवेदनाच्या भाषेवरून कळण्यास मार्ग नव्हता.

४. साराएव्हो, १९९३ : वार्ताहराची उलटतपासणी

निवेदनाचा हा निश्चिंतपणा फ्रान्समध्ये दीर्घकाळ काम केलेल्या मार्सेल ओफ्युल्स ह्या दिग्दर्शकाने पुरता मोडून काढला. जर्मन अमलाखालील फ्रान्सवरील ‘ल शाग्रँ ए ला पितिए’ ह्या १९६९ च्या अनुबोधपटामुळे तो ख्यातनाम झाला होता. त्याचा ‘व्हेये दार्म’ हा पट १९९४ साली प्रदर्शित झाला. बोस्नियातील साराएव्हो शहराला १९९२ च्या एप्रिलमध्ये वेढा पडला व तो १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत टिकला. त्या वेढ्यात ‘हॉलिडे इन’ ह्या हॉटेलात उतरलेल्या परदेशी वार्ताहरांना ओफ्युल्सने पडद्यावर आणले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा जॉन बर्न्स हा त्यांपैकी एक.

ओफ्युल्सची पद्धत उलटतपासणीची आहे. तो स्वतः पडद्यावर येतो, प्रश्न विचारतो, थट्टा करतो, अडवतो. रस्ता ओलांडताना बंदूकधाऱ्याची गोळी केव्हाही लागेल अशा शहरात आपण का आलो, हे वार्ताहरांना सांगावे लागते. कर्तव्य, स्पर्धा, धाडसाची ओढ, चरितार्थ असे नाना हेतू त्यांच्या उत्तरांत एकमेकांत मिसळलेले दिसतात. ह्या मुलाखतींच्या मध्ये तो जुन्या कथापटांचे तुकडे पेरतो. मॅक्स ओफ्युल्स ह्या आपल्या पित्याच्या १९४० सालच्या ‘द मायरलिंग आ साराएव्हो’ ह्या चित्रपटाचाही तो उपयोग करतो. काहींना ही सरमिसळ अस्थानी वाटेल. परंतु तिचे प्रयोजन स्पष्ट आहे. वार्ताहराची स्वतःविषयीची प्रतिमा, आणि जनतेच्या मनातील वार्ताहराची प्रतिमा, ह्या दोन्ही कथापटांनी घडविलेल्या आहेत. ती प्रतिमा बाजूस सारल्याखेरीज समोरच्या मनुष्याचा हेतू दिसू लागत नाही.

आप्तलक्षणाच्या दुसऱ्या अटीची, म्हणजे सांगण्याच्या हेतूची, ही सविस्तर तपासणी आहे. तिच्यातून वार्ताहर निर्दोष ठरून बाहेर पडत नाही. पण खोटाही ठरत नाही. मिश्र हेतूचा मनुष्यही पाहिलेले प्रामाणिकपणे सांगू शकतो, हे प्रेक्षकाला मान्य करावे लागते.

५. दोहा, २००३ : दोन भाषांमधील भिंत

जेहान नुजेम ह्या इजिप्शियन-अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘कंट्रोल रूम’ हा २००४ सालचा अनुबोधपट भाषाभ्यासकाच्या विशेष उपयोगाचा आहे. अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी २००३ च्या मार्चमध्ये इराकवर आक्रमण केले. त्या वेळी कतारमध्ये एकमेकांपासून जवळच दोन वृत्तकेंद्रे चालू होती. एक अमेरिकी सैन्याच्या मध्यवर्ती कमांडचे पत्रकार-केंद्र. दुसरे १९९६ साली स्थापन झालेल्या अल् जझीरा ह्या अरबी वाहिनीचे मुख्यालय. नुजेमने ह्या दोन्हींत आपला कॅमेरा नेला. पटाला निवेदक नाही. प्रेक्षक माणसांना बोलताना, चुकताना व वाद घालताना पाहतो.

एकाच घटनेला दोन नावे होती. अमेरिकी सरकारने मोहिमेला ‘इराकी स्वातंत्र्य’ हे नाव दिले आणि कित्येक अमेरिकी वाहिन्यांनी तेच आपल्या पडद्यावर झळकविले. अल् जझीराच्या पडद्यावर ‘इराकवरील युद्ध’ असे शब्द होते. नाव ठेवताच वृत्ताची दिशा ठरते. पुढील प्रत्येक वाक्य त्या नावाच्या छायेत वाचले जाते. पटात एक दुभाषा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे भाषण ऐकत असताना लगोलग अरबीत सांगत असतो. वाक्ये अध्यक्षांची, आवाज अरब मनुष्याचा, आणि ऐकणारे ज्यांच्यावर बाँब पडत आहेत त्यांचे भाषाबांधव, असा तो तिहेरी प्रसंग आहे. भाषांतरकाराचा ‘मी’ हा त्याचा स्वतःचा नसतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि येथे पाहणे निराळे.

पटातील लेफ्टनंट जॉश रशिंग हा अमेरिकी मरीन दलाचा पत्रकार-संपर्क अधिकारी आहे. सूदानी वार्ताहर हसन इब्राहीम ह्याच्याशी त्याचे संभाषण वारंवार होते. एका प्रसंगी रशिंग कबूल करतो की मृत इराकी माणसांची दृश्ये पाहून आपल्याला फारसे काही झाले नव्हते. पण मृत अमेरिकी सैनिकांची दृश्ये पाहून मात्र पोटात ढवळून आले, आणि ह्या फरकानेच आपण अस्वस्थ झालो. प्रवक्ता म्हणून त्याची भाषा कर्तृहीन होती. ह्या क्षणी त्याच्या वाक्यात प्रथमच ‘मी पाहिले’ आणि ‘मला वाटले’ येते. पुढे रशिंग सैन्यातून बाहेर पडला आणि अल् जझीराच्या इंग्रजी वाहिनीत रुजू झाला.

८ एप्रिल २००३ रोजी बगदादमधील अल् जझीराच्या कार्यालयावर अमेरिकी विमानाने क्षेपणास्त्र टाकले आणि तारिक अय्यूब हा वार्ताहर ठार झाला. कार्यालयाचे अक्षांश-रेखांश वाहिनीने अमेरिकी अधिकाऱ्यांना आधीच कळविले होते. त्याच दिवशी पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकी रणगाड्याने केलेल्या माऱ्यात ‘रॉयटर्स’चा तारास प्रोत्स्यूक व स्पेनच्या ‘तेलेसिंको’ वाहिनीचा होसे कूसो हे दोन चित्रवार्ताहर मृत्युमुखी पडले. अमेरिकी प्रवक्त्यांनी हेतुपुरस्सर हल्ला केल्याचा आरोप नाकारला. अय्यूबच्या पत्नीचा दूरध्वनीवरून आलेला आवाज सहकारी पत्रकार ऐकतात. खरे तेच सांगा, असे तिचे मागणे असते. कार्यालयावर क्षेपणास्त्र ‘पडले’ की ‘पाडले’, हा प्रश्न त्या सभागृहात व्याकरणाचा उरत नाही.

ह्या पटाचा भर अर्थातच अल् जझीराकडे आहे, आणि त्याची एक दुर्बळ जागा अभ्यासकाने नोंदली पाहिजे. ९ एप्रिलला बगदादच्या फिरदोस चौकात सद्दाम हुसेनचा पुतळा पाडण्यात आला. मुख्यालयात ते दृश्य पाहणारा वाहिनीचा एक ज्येष्ठ कर्मचारी म्हणतो की चौकातील माणसे इराकी नव्हेत. इराकी बोलीचा हेल आपल्याला ओळखता येतो. हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे, आणि ते पडद्यावरील दृश्याच्या आधारे केलेले आहे. अरबी न जाणणाऱ्या प्रेक्षकास तो हेल पारखणे शक्य नसते. पटही ते विधान तपासून पाहत नाही. अमेरिकी सैन्याच्याच एका अभ्यासातून पुढे असे उघड झाले की पुतळा पाडण्याचा निर्णय एका मरीन अधिकाऱ्याचा होता आणि मानसशास्त्रीय प्रचार करणाऱ्या पथकाने त्यात ध्वनिक्षेपकांवरून साहाय्य केले होते. म्हणजे दृश्य घडवून आणले गेले हा संशय निराधार नव्हता. पण त्यासाठी दिलेले बोलीचे कारण त्यामुळे सिद्ध होत नाही. निष्कर्ष काही अंशी बरोबर निघाला म्हणून हेतू सद्हेतू ठरत नाही, हा न्यायशास्त्राचा प्राथमिक पाठ येथे आठवावा.

६. मारिउपोल, २०२२ : चाळीस मिनिटे आणि तीस तास

म्स्तिस्लाव चेर्नोव ह्या युक्रेनी चित्रवार्ताहराचा ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ हा पट २०२३ च्या जानेवारीत प्रथम दाखविण्यात आला. २०२४ साली उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. येथे दिग्दर्शक आणि वार्ताहर एकच आहे. चेर्नोव, छायाचित्रकार येव्हगेनी मालोलेत्का व निर्माती वासिलिसा स्तेपानेन्को हे ‘असोशिएटेड प्रेस’चे पथक २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाचे आक्रमण सुरू होण्याच्या सुमारे तासभर आधी, मारिउपोल शहरात पोचले. १५ मार्चला ते तेथून बाहेर पडले. वेढ्याच्या ऐन काळात इतर आंतरराष्ट्रीय वार्ताहर शहरात उरले नव्हते.

वीज, पाणी आणि दूरध्वनी बंद पडल्यावर शहरातून चित्रे बाहेर पाठविणे हेच मोठे कष्टाचे काम झाले. एका लुटलेल्या किराणा दुकानाच्या जिन्याखाली काय तो संदेशवहनाचा क्षीण संकेत मिळे. तेथे दबून बसून चित्रफितींचे तुकडे करून ते तासन्‌तास पाठविले जात. चेर्नोवने सुमारे तीस तासांचे चित्रण केले. त्या दिवसांत बाहेर जाऊ शकले ते सुमारे चाळीस मिनिटांचे. वृत्त आणि घटना ह्यांच्यातील अंतर इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडता येते.

पटाची रचना हे अंतर डोळ्यांपुढे ठेवते. आधी एखादा प्रसंग विस्ताराने येतो : रुग्णालयाचा मार्ग, धावणारे डॉक्टर, आईबापांचा आक्रोश, कॅमेऱ्यावर ओरडणारी माणसे. मग त्याच प्रसंगाचे जगभरच्या वाहिन्यांनी दाखविलेले काही क्षणांचे वृत्त येते. त्या वृत्तात खोटे काही नसते. पण चित्रण करणाऱ्याचा श्वास, त्याला मिळालेल्या शिव्या, ‘हे जगाला दाखवा’ असे म्हणणारा डॉक्टर हे सगळे त्यातून गळलेले असते. हीच वृत्ताच्या वाक्यातून गळणारी प्रमाणदर्शक सामग्री होय.

चेर्नोवने आपली चूकही पटात ठेवली आहे. पहिल्या दिवशी एक भेदरलेली स्त्री काय करावे असे त्याला विचारते. नागरिकांवर कोणी गोळ्या झाडणार नाही, घरी जा, असे तो तिला सांगतो. थोड्याच वेळात त्या वस्तीवर तोफगोळे पडू लागतात, आणि आपले म्हणणे चुकीचे ठरले असे तो निवेदनात नमूद करतो. वार्ताहर म्हणून पाठविलेल्या वृत्तात ह्या प्रसंगाला जागा मिळाली नसती. सांगणाऱ्याला आपले कोणते वाक्य पाहिलेल्यावर आधारलेले होते व कोणते आशेवर, ह्याचा भेद कळतो, हे त्यातून दिसते. आप्तत्वाचा ह्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

९ मार्च रोजी शहरातील प्रसूती-रुग्णालयावर हवाई हल्ला झाला. जखमी गरोदर स्त्रीला स्ट्रेचरवरून नेतानाचे दृश्य जगभर पोचले. त्यानंतर दोन प्रकारचे खंडन करण्यात आले. रुग्णालयात रुग्ण नव्हतेच, ते युक्रेनी सैनिकांच्या ताब्यात होते, असे रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले. तर चित्रांतील जखमी स्त्री ही नटी असल्याचा दावा लंडनमधील रशियन वकिलातीने केला. केवळ वृत्त पाहिलेल्या दूरच्या प्रेक्षकाजवळ ह्याला उत्तर नव्हते. त्याच्या दृष्टीने एका शब्दापुढे दुसरा शब्द उभा होता. पथकाने ते उत्तर शोधले. ज्या दुसऱ्या रुग्णालयात त्या स्त्रियांना हलविले होते तेथे ते दोन दिवसांनी गेले. एक स्त्री प्रसूत होऊन सुखरूप होती. स्ट्रेचरवरील स्त्री आणि तिचे मूल दोघेही दगावले होते. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष पटात आहे. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एप्रिल २०२२ च्या अहवालात हा हल्ला आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा उघड भंग असल्याचे म्हटले. मृत स्त्रीला नटी म्हणणे म्हणजे तिचा मृत्यूही हिरावून घेणे होय. प्रमाणविचार हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही, हे येथे कळून येते.

वृत्ताच्या अभावी शहरातील माणसांचे काय झाले, हेही पटात आहे. वेढ्यात सापडलेल्यांना बाहेरची वार्ता मिळेना. विमान कोणाचे, गोळा कोणाचा, हे त्यांना कळेना. आपल्यावर बाँब टाकणारे युक्रेनीच असावेत, असे काही जण समजू लागले. स्वतः बाँबहल्ला भोगणाऱ्या मनुष्यास तो कोणी केला, हे प्रत्यक्षावरून कळत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या शब्दाची गरज पडते. शब्दप्रमाण हे दूरच्या प्रेक्षकासाठीच असते, ही समजूत त्यामुळे दुरुस्त करावी लागते.

७. अनुबोधपटाचे प्रामाण्य

आतापर्यंतच्या विवेचनावरून अनुबोधपट हा वृत्ताचा निर्दोष परीक्षक आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तोही शब्दप्रमाणच आहे. तीस तासांतील दीड तास निवडणारा संकलक प्रेक्षकाला दिसत नाही. चेर्नोवचे प्रथमपुरुषी निवेदन घटनेच्या वेळचे नसून संकलनाच्या वेळचे आहे. त्यात मागाहून आलेली समज मिसळली आहे. दृश्यांखाली घातलेले संगीत कोणत्याही साक्षीदाराने ऐकलेले नसते.

भाषांतराचा प्रश्न तर ह्याहून सूक्ष्म आहे. मारिउपोल हे मुख्यतः रशियन बोलणारे शहर होते. पटातील कित्येक माणसे रशियनमध्येच रडतात, ओरडतात आणि शाप देतात. रशियन भाषकांचे रक्षण हे आक्रमणाचे एक समर्थन म्हणून सांगितले जात असताना ह्या गोष्टीला मोठा अर्थ आहे. परंतु निवेदन इंग्रजी आणि पडद्याखालील ओळीही इंग्रजी असल्याने कोणता मनुष्य रशियन बोलतो व कोणता युक्रेनी, हे परक्या प्रेक्षकास कळत नाही. पटातील सर्वांत बोलका पुरावा अशा रीतीने भाषांतरात मूक होतो. ‘कंट्रोल रूम’मधील अरबी बोलींच्या भेदाचीही गत हीच आहे.

ह्यास्तव पत्रकारांविषयीच्या कोणत्याही अनुबोधपटाचा अभ्यास करताना काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पडद्यावरील विधान पाहिलेले आहे, ताडलेले आहे की ऐकलेले आहे? सांगणारा त्या वेळी कोठे होता आणि त्याला तेथे कोणी येऊ दिले? घटनेच्या वाक्यात कर्ता आहे काय, आणि नसेल तर तो ठाऊक नाही म्हणून की सांगावयाचा नाही म्हणून? मूळ शब्द कोणत्या भाषेतील, आणि भाषांतरात काय राहिले नाही? पटासाठी पैसा आणि परवानगी कोणाची? हे सर्व प्रश्न हे पट वृत्ताला विचारतात. तेच उलटून पटालाही विचारले पाहिजेत, आणि जो पट ते विचारू देतो तो अधिक विश्वासार्ह मानला पाहिजे.

१९४० च्या लंडनपटात सांगणारा होता, पण त्याच्यामागील हेतू दडलेला होता. ओफ्युल्सने हेतूची झडती घेतली. नुजेमने दोन भाषांच्या व दोन नावांच्या मधली जागा दाखविली, तरी एका अनुमानाशी ती थबकली नाही. चेर्नोवने पाहणे, पाठविणे आणि गळणे ही तिन्ही एका जागी आणून ठेवली, पण साक्षीदारांची भाषा त्याच्या हातून निसटली. प्रत्येक पटात आप्तलक्षणाचा एखादा अंश उजळतो आणि दुसरा अंधारात राहतो. युद्धाची वार्ता ऐकणाऱ्यास ह्यापलीकडचे पूर्ण प्रत्यक्ष कधीच मिळणार नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की ‘समजते’ हा शब्द कानी पडताच कोणाला आणि कशावरून, हे विचारण्याची सवय त्याने मोडू देऊ नये.